पानेमामांचा फुकट धंदा

पानेमामांचं खरं नाव काय, हे गल्लीत कोणाला विचारलं असतं तर लोक डोकं खाजवत बसले असते. नळदुरुस्तीत उभा जन्म गेलेला, हातात सदा पाना, म्हणून पानेमामा. त्यांच्याशी लग्न केलं म्हणून त्यांची बायको आपोआप सगळ्यांची मामी झाली. त्यात तिचा काही इलाज नव्हता.

कामाला मामा एकदम चोख. त्यांनी आवळलेला सांधा गळला, असं कोणी कधी ऐकलं नाही. पण एक अट. पिशवीचं तोंड उघडण्याआधी भाव ठरला पाहिजे. स्वयंपाकघरात पाणी घोट्यापर्यंत चढलेलं असो, घरची बाई खुर्चीवर उभी राहून आरडाओरडा करत असो, मामा दारातच थांबायचे आणि शांतपणे म्हणायचे, "आधी बोलून घेऊ. नंतर किटकिट नको." एकदा सख्ख्या मेव्हणीकडे फ्लशची टाकी दुरुस्त करायला गेले. ती बिचारी म्हणाली, "भावजी, घरचंच तर काम आहे." मामा म्हणाले, "घरचं आहे म्हणून तर चहा घेतला. एरवी मी तोही घेत नाही." आणि ठरलेला आकडा घेऊनच जिना उतरले.

त्यांना लबाड म्हणाल तर मात्र तोंड सांभाळून बोला. ठरल्यापेक्षा एक पैसा त्यांनी कधी जास्त घेतला नाही. फुकट द्यायचं नाही आणि फुकट घ्यायचं नाही, हा त्यांचा सरळ हिशोब. दुकानदाराने सामानासोबत किल्ल्यांची कडी भेट म्हणून दिली, तर ती उलटसुलट करून बघायचे आणि परत गल्ल्यावर ठेवायचे. फुकटची वस्तू म्हटली की तिच्यात कुठेतरी गळती असणारच, अशी त्यांची खात्री.

दर रविवारी ते चर्चला जात. मामी पुढे, गाणाऱ्या बायकांत बसायची. मामा मधल्या रांगेत, जाड खांबाच्या मागे. ती जागा त्यांनी विचार करून निवडली होती. पाळकसाहेबांना खांब दिसायचा, खांबाला मामा दिसायचे आणि मामांना छान झोप लागायची. शेवटच्या गीताला सगळे उभे राहत, तेव्हा शेजारचा कोपराने हलवायचा. मग मामा उभे राहून असे काही जोरात "आमेन" म्हणायचे, की नव्या माणसाला वाटावं, सगळ्यात मन लावून यांनीच ऐकलं.

एका रविवारी घोटाळा झाला. कोणाकडे तरी पाहुण्यांचं मोठं लटांबर आलं होतं आणि त्यांनी खांबामागची सगळी रांग भरून टाकली. मामा जागा शोधत पुढे पुढे सरकत राहिले आणि शेवटी अगदी पहिल्या बाकावर जाऊन पडले. तिथे झोपायची सोय नव्हती. पाळकसाहेब "प्रीती" म्हणाले, की त्या प्रीतीचा एखादा शिंतोडा चष्म्यावर यायचा, इतकं ते अंतर. नाइलाजाने मामांनी ऐकलं. उभ्या आयुष्यात पहिल्यांदा, सुरुवातीपासून शेवटपर्यंत.

पाळकसाहेब सांगत होते, "देवाने तुमच्यावर प्रीती केली, ती तुम्ही लायक होता म्हणून नाही. तुम्ही मागितलीसुद्धा नव्हती. तुमच्याकडून काही मिळेल म्हणून नाही. आधी काही ठरलं नव्हतं. त्याने आपलं दिलं. फुकट दिलं."

मामा बाकावर ताठ झाले. आधी काही ठरलं नव्हतं?

प्रार्थना संपल्यावर मंडळी अंगणात गप्पा मारत उभी राहिली. मामांनी पाळकसाहेबांना एका कोपऱ्यात गाठलं.

"साहेब, ते फुकट म्हणालात ते नक्की ना? मागून काही निघत नाही ना?"

"काय निघणार?"

"म्हणजे आधी फुकट म्हणायचं आणि नंतर सामानाचं वेगळं, असं?"

पाळकसाहेबांनी हसू दाबलं. "नाही मामा. सामानासकट फुकट. मी आल्यापासून हेच सांगतोय."

"मी नव्हतं ऐकलं."

"ठाऊक आहे मला. खांबामागून आवाज येतो."

मामा जरा वरमले, पण मुद्दा सोडला नाही. "मग आता मी काय द्यायचं?"

"ते फिटणारं नाही, त्यामुळे फेडायच्या भानगडीत पडू नका. पण एक असतं. ज्याला कळलं की आपल्यावर कोणी एवढी माया केलीय, तो माणूस हात आखडून बसत नाही. बसवतच नाही त्याला."

मामा घरी आले, जेवले, आणि दुपारी नेहमीसारखे आडवे झाले. पण डोळा लागेना. छताकडे बघत पडले होते. मध्येच म्हणाले, "अगं, भाव न ठरवता."

"काय भाव न ठरवता?" मामीने आतून विचारलं.

"काही नाही," मामा म्हणाले. त्यांच्या डोळ्यांच्या कडा ओल्या झाल्या होत्या आणि ते तिला सांगायची त्यांना लाज वाटत होती. सगळा जन्म त्यांनी जगाशी दारात उभं राहून बोलणी केली होती. आणि इथे कोणीतरी काहीही न बोलता, न विचारता, आत येऊन त्यांचं सगळं नीट करून गेलं होतं.

सोमवारी सकाळी चहाच्या वेळी त्यांनी जाहीर केलं, "आजपासून मी सगळ्यांची कामं फुकट करणार."

मामीचा कप ओठांशीच थांबला. "ताप आहे का अंगात?"

"ताप नाही. देवाने मला फुकट दिलंय, मी लोकांना फुकट देणार."

"आणि आपण काय, वारा खायचा?"

तसं खाण्यापिण्याचं काही अडणार नव्हतं. मुलगी लग्न होऊन सुखात होती, वरच्या दोन खोल्यांचं भाडं येत होतं आणि धंदा आता हळूहळू आवरता घ्यावा, असं मामाच गेलं वर्षभर म्हणत होते. मामीलाही ते माहीत होतं. पण मेव्हणीकडून पैसे घेणारा माणूस एका रात्रीत असा उलटा होतो म्हणजे काय, हे तिच्या पचनी पडेना. "बघू किती दिवस टिकतंय," ती म्हणाली.

पहिले काही दिवस मामांना कोणी दारातही उभं करेना. कोपऱ्यावरच्या निवृत्त मास्तरीणबाईंनी साखळी लावूनच दार किलकिलं केलं.

"बाई, नळ बघायला आलोय. फुकट."

"काय खपवायचंय?"

"काही नाही. फुकट."

"तुम्ही? फुकट?" बाईंनी त्यांना खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "मामींना पाठवा आधी. त्या हो म्हणाल्या, तर आत या."

पण एकदा विश्वास बसला आणि मग लोकांनी मामांचा पिट्टा पाडला. ज्यांचे नळ वर्षानुवर्षं टपटपत होते आणि ज्यांनी खाली बादली ठेवून संसार चालवला होता, त्या सगळ्यांना एकदम गळतीचा त्रास सुरू झाला. दहा घरचे निरोप. मामा सकाळी निघायचे ते दिवेलागणीला यायचे. आणि खरं सांगायचं तर त्यांना हे भलतंच आवडायला लागलं. आधी लोक पैसे द्यायचे आणि दार लावायचे. आता पैसे नव्हते, पण दारात उभं राहून म्हणायचे, "मामा, तुमच्यासारखा माणूस नाही बघा." "मामा म्हणजे देवमाणूस." मामा मान खाली घालून "छे छे, मी कोण, सगळं देवाचं" म्हणायचे, आणि कोणी आणखी एकदा म्हणतंय का, म्हणून जिन्यात जरा रेंगाळायचे.

"आज किती जणांनी देवमाणूस म्हटलं?" मामी पान वाढताना विचारायची.

"तुला सगळ्यात थट्टाच दिसते."

"नाही हो. चष्म्याची काच पुसा, हनुवटी फार वर गेलीय, पायाखालचं दिसत नसेल."

गळणारे नळ संपत आले, तेव्हा मामा न गळणाऱ्यांकडे वळले. पाळकसाहेबांच्या घरी एक दिवस न सांगताच पिशवी घेऊन हजर. पाळकीणबाई म्हणाल्या, "आमचा नळ छान चाललाय, मामा." मामा म्हणाले, "चाललाय तो वरवर. आतून वायसर झिजलेलं असतं." वायसर म्हणजे तोटीच्या आतली ती छोटी रबरी चकती, जी दाबली गेली की पाणी थांबतं. मामांनी मुख्य कॉक बंद केला, असं त्यांना वाटलं. तो जुना कॉक फिरला, पण बंद झालाच नव्हता. मामांनी तोटी काढली मात्र, पाण्याची धार सुटली ती थेट समोरच्या भिंतीवर. पाळकीणबाई स्टुलावर चढल्या. पाळकसाहेब रविवारच्या उपदेशाची तयारी टाकून बादली घेऊन धावले. मामांनी भोकावर हाताचा पंजा दाबून धरला आणि पाणी बोटांच्या फटींतून त्यांच्याच तोंडावर उडायला लागलं.

पाणी आटोक्यात आलं, तेव्हा दोघेही पुरुष ओलेचिंब, फरशीवर गुडघे टेकून, फडकी पिळत बसले होते.

"साहेब, माझं द्यायचं कुठे चुकतंय का?" मामांनी विचारलं. प्रश्न त्यांनी सहज विचारला होता. उत्तर 'छे, नाही' असंच येणार, याची त्यांना खात्री होती.

पाळकसाहेबांनी फडकं बादलीत पिळलं. "एक सांगू? देवाने आपल्याला दिलं, ते त्याच्या घरी जास्तीचं पडलं होतं म्हणून नाही. त्याला जे सगळ्यात जवळचं, ते त्याने दिलं. आणि ज्यांच्याशी त्याचं बिनसलं होतं, त्यांना दिलं." मग त्यांनी वर पाहिलं. "पण ते राहू द्या आता. तुमच्या पायाशी अजून पाणी आहे."

मामांनी ते बोलणं ऐकलं आणि पिशवीच्या तळाशी टाकून दिलं. ते लगेच वर यायचं नव्हतं.

ते वर आणलं वायसरने.

हा वायसर म्हणजे माणूस. मामांच्याच हाताखाली तो काम शिकला. अंगाने चपटा, कुठल्याही दोन पाइपांच्या सापटीत घुसायचा, आणि दोघांचं भांडण असलं की नेमका मध्ये सापडून दाबला जायचा, म्हणून मामांनीच त्याला ते नाव ठेवलं होतं. बरीच वर्षं दोघांनी एकत्र काम केलं. मग वायसरचं लग्न झालं, दोन मुली झाल्या, आणि एक दिवस त्याने चाचरत सांगितलं, की मामा, मी आता स्वतःचं काम सुरू करतो. मामांच्या ते जिव्हारी लागलं. हार्डवेअरच्या दुकानात चार कारागीर उभे असताना ते म्हणाले, "त्याने बसवलेला नळ आज नाही तर उद्या गळणार. लिहून घ्या." लोकांनी लिहून घेतलं नाही, पण लक्षात ठेवलं. दोघांमधलं बोलणं त्या दिवसापासून बंद. रस्त्यात समोरासमोर आले, तर मामा आकाशात पाण्याची टाकी शोधायचे.

तो वायसर एका दुपारी दारात येऊन उभा राहिला. मामा जेवून हात पुसत होते. मामी पटकन पुढे आली, "अरे, ये ना आत. किती दिवसांनी."

"नको मामी. इथंच ठीक आहे." तो मामांकडे बघत होता. "मामा, एक विचारायला आलोय. अजून किती दिवस फुकट करणार?"

"देवाची इच्छा असेल तोवर," मामा म्हणाले. देवमाणसाला शोभेल अशा आवाजात.

"मग मला दुसरं गाव बघावं लागेल. तुम्ही पैसे घेत होतात, तोवर चार माणसं तरी माझ्याकडे यायची. तुमच्यापेक्षा थोडं कमी घेऊन मी भागवत होतो. आता फुकटापेक्षा कमी मी काय घेऊ? पदरचे पैसे देऊन नळ बसवू?"

"मी चांगलं काम करतोय," मामांचा आवाज चढला. "देवाचं काम आहे हे!"

"असेल ना. पण देवाचं काम माझ्याच ताटातून कशाला?" वायसर भांडकुदळ माणूस नव्हता. हे बोलायला त्याला किती दिवस लागले असतील कोण जाणे. "तुम्ही जे वाटताय ना मामा, ते तुमचं नाहीच. तुमचं पोट भरलंय. वाटताय ते माझं."

एवढं बोलून तो गेला. मामा दाराकडे बघत राहिले. मग एकदम उसळले. "बघितलंस? बघितलंस ना याची जीभ? मी शिकवलं याला! पाना कसा धरायचा, हे माहीत नव्हतं!"

मामी काही बोलली नाही. मामी बोलत नाही म्हणजे प्रकरण गंभीर आहे, एवढं मामांना संसारातून कळलं होतं.

"बोल की काहीतरी. थट्टा कर."

"थट्टा नाही सुचत," मामी ताटं उचलत म्हणाली. "त्याची बायको भाजीवाल्याकडे भेटते मला. हल्ली टोपलीत घेतलेलं परत काढून ठेवते. मी तुम्हाला सांगणार होते. पण तुम्ही इतके खुशीत होता." आत जाता जाता ती थांबली. "सगळ्या गावाला दिलंत हो तुम्ही. एक तेवढा राहिला."

मामा पुढचे दोन-तीन दिवस कामाला गेले नाहीत. कंबर धरलीय म्हणाले. कंबर ठणठणीत होती. मागच्या अंगणात ते पाटावर बसून जुने पाइप घासत बसायचे आणि अधूनमधून देवाशी वाद घालायचे. "देवबापा, मी तर चांगलंच करायला निघालो होतो. तूच बघत होतास." देव काही बोलत नव्हता. मामीसारखाच. शेवटी पाळकसाहेबांचं ते ओल्या फरशीवरचं बोलणं आपोआप वर आलं. जे सगळ्यात जवळचं, ते. आणि ज्याच्याशी बिनसलंय, त्याला.

मामांच्या सगळ्यात जवळ काय होतं? पैसा नव्हता, हे आता त्यांना कळून चुकलं होतं. पैसा तर त्यांनी हसत हसत सोडला होता. जवळचा होता तो मान. गावात नळ म्हटलं, की पानेमामा. त्यांच्यावर कोणी नाही. फुकट काम करून तो मान त्यांनी सोडला नव्हता, उलट दुपटीने गोळा केला होता.

"हे मात्र तू जरा जास्तच मागतोयस," मामा पुटपुटले. पण पुटपुटतानाच त्यांना माहीत होतं, की आता आपली सुटका नाही.

दुसऱ्या दिवशी दाढी करताना ते आरशाला सांगत होते, "हे बघ, झालं गेलं... नाही. हे बघ, मी तुला शिकवलं, त्यामुळे... छे." बाहेरून मामी म्हणाली, "साबण वाळतोय. आरशाने माफ केलं असेल, तर त्याच्या घरी जा आता."

मामा गेले. त्याच्या गल्लीच्या तोंडापर्यंत गेले आणि वळून परत आले. दुपारी पुन्हा गेले, पुन्हा आले. संध्याकाळी मामीने चपला घातल्या आणि म्हणाली, "चला, मी येते गल्लीपर्यंत. तुमचं बोट धरायला."

वायसर दारात पाइप कापत बसला होता. मामांना बघून उठला, पण या म्हणाला नाही. दाढी करताना घोकलेलं सगळं मामा विसरून गेले.

"मुलींच्या वसतिगृहातून निरोप आलाय," ते म्हणाले. "मोठं काम आहे. सगळी जुनी लाइन बदलायची."

"मग करा की. फुकट."

"मी नाही करणार. तू कर. पैसे घेऊन कर. मी सांगितलंय त्यांना."

वायसर त्यांच्याकडे बघत राहिला. वसतिगृहाचं काम म्हणजे मामांचा गड. तिथल्या भिंतीत कुठून कुठे पाणी जातं, हे मामा आणि देव, दोघांनाच ठाऊक. तिथे मामांनी कधी दुसऱ्या कोणाला पाऊलही ठेवू दिलं नव्हतं.

"आणि तुम्ही?"

मामांनी घसा खाकरला. "तुला हाताखाली माणूस लागेल. पिशवी धरायला वगैरे. मी मोकळाच आहे."

वायसरने हातातला पाइप खाली ठेवला. मग म्हणाला, "मामा, तुमचा काही डाव असेल, तर आत्ताच सांगा. माझ्यात ताकद नाही."

हे मात्र मामांना लागलं. त्यांनी मान खाली घातली. "डाव नाही रे. दुकानात तुझ्याबद्दल जे बोललो होतो, ते खोटं होतं. तुझं काम चांगलं आहे. पहिल्यापासून चांगलं आहे. तू गेलास, त्याचा मला राग आला होता, एवढंच." आणि लगेच त्यांनी जोडलं, "पण पाना तू अजूनही वाकडाच धरतोस."

वायसरच्या तोंडावर हसू आलं की काय, ते अंधारत आल्यामुळे नीट दिसलं नाही. पण तो म्हणाला, "सकाळी लवकर या. माझ्याकडे उशीर चालत नाही."

सकाळी गावाने बघितलं ते असं: पुढे वायसर, मोकळ्या हातांनी, आणि मागे पानेमामा, खांद्यावर पिशवी, हातात पाइपांची मोळी. हार्डवेअरवाला गल्ल्यावरून उठून बाहेर आला. "मामा, तब्येत बरी आहे ना?"

"उत्तम."

"मग हे काय? त्याचे नळ गळतात ना? तुम्हीच म्हणाला होतात."

रस्त्यात बघणारे बरेच होते. वायसर पुढे थांबला होता, पण त्याने मागे वळून पाहिलं नाही. मामांनी पिशवी या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली. "मी म्हणालो होतो. खोटं बोललो होतो. गळत नाहीत." आणि हार्डवेअरवाल्याचं तोंड मिटायच्या आत चालायला लागले. कान तेवढे गरम झाले होते.

हाताखाली काम करणं म्हणजे काय, ते मामा विसरले होते. वायसर नवे प्लास्टिकचे पाइप वापरायचा. मामांच्या मते ते खेळणं होतं. तो सांधा त्यांच्यापेक्षा वेगळ्या पद्धतीने बसवायचा. मामांची जीभ दिवसभर वळवळायची. "अरे, तिथे जरा..." म्हणायचे आणि तोंड मिटायचे. घरी आल्यावर सगळं मामीसमोर ओकायचे. मामी म्हणायची, "जिभेलाच एक चकती बसवून घ्या. आता ओळखीचा माणूस आहे, नीट बसवेल."

काम अर्ध्यावर आलं आणि खरी कसोटी लागली. मोरीच्या भिंतीतली जुनी लाइन उकरून काढण्याऐवजी ती आतच बंद करून टाकावी आणि नवी बाहेरच्या बाजूने न्यावी, असं वायसरने ठरवलं. मामांच्या हातात काम असतं तर त्यांनी भिंत फोडली असती. वसतिगृहाच्या अधीक्षकबाई आल्या. त्यांचा वायसरवर भरवसा नव्हता. त्यांनी त्याच्याकडे पाहिलंही नाही. सरळ मामांना विचारलं, "मामा, तुम्ही सांगा. हा म्हणतो तसं करू द्यायचं का?"

वायसर भिंतीला टेकून उभा राहिला. त्याचा चेहरा पुन्हा तसाच झाला, दोन पाइपांच्या मध्ये सापडल्यासारखा. मामांच्या ओठांवर शब्द आले होते. एक शब्द पुरला असता. बाईंनी भिंत फोडायला सांगितली असती, मामा पुन्हा गडाचे किल्लेदार झाले असते, आणि तेही कोणाचं काही वाईट न बोलता, फक्त खरं मत देऊन.

"बाई," मामा म्हणाले, "मी आज पिशवी धरायला आलोय. काम त्याचं आहे. त्यालाच विचारा, तो नीट सांगेल."

बाईंना आवडलं नाही. पण त्या वायसरकडे वळल्या, आणि वायसरने सांगितलं. आधी अडखळत, मग हात हलवत, मग भिंतीवर बोटाने रेघा ओढत. बाई ऐकत राहिल्या. मामा पिशवीतल्या सामानाची उलथापालथ करत बसले, कारण त्यांना त्या क्षणी कोणाच्या नजरेला नजर द्यायची नव्हती. छाती भरून आली होती आणि कारण त्यांचं त्यांनाच नीट कळत नव्हतं. पहिल्या बाकावर बसले होते त्या रविवारी वाटलं होतं, तसंच काहीसं आताही वाटत होतं.

त्या भिंतीबाबत कोणाचं बरोबर होतं, मामांचं की वायसरचं, ते देवालाच ठाऊक. पाणी मात्र वरच्या मजल्यापर्यंत जोरात आलं. एका सांध्यातून दुसऱ्या दिवशी थोडं पाझरलं. वायसरने तो पुन्हा आवळला. मामा तेव्हा जिन्यात उभे राहून मोठ्या निष्ठेने खिडकीबाहेर बघत होते.

पुढे लोक फुकट कामाला बोलवायला येत, तेव्हा मामा विचारायचे, "नळ गळतोय की हात आखडलाय?" ज्याला परवडतं, त्याला वायसरकडे पाठवायचे. काही लोकांनी नाकं मुरडली. देवमाणूस म्हणणारे जिन्यात कमी भेटायला लागले. एक-दोघांनी तर तोंडावर सांगितलं, की मामा पुन्हा पहिल्यासारखे झाले. मास्तरीणबाईंसारखं खरंच अडलेलं कोणी असलं, तर मामा स्वतः जायचे, आणि एकदा त्यांच्या लक्षात आलं, की तिथे वायसर आधीच येऊन गेलाय आणि त्यानेही काही घेतलेलं नाही. मामांना त्याचा जरा रागच आला. हे एक तरी आपल्यासाठी ठेवायचं होतं, असं मामीला म्हणाले.

मग एका रविवारी वायसरच्या बायकोने दोघांना जेवायला बोलावलं. खोली लहान. मुली पाहुण्यांना जागा करून पलंगावर चढून बसल्या. वायसरची बायको वाढत होती आणि मामा पहिला घास घेणार, तेवढ्यात त्यांच्या कानावर आलं. टप. टप. टप. स्वयंपाकाच्या ओट्यावरचा नळ गळत होता.

मामांचा घास हातात राहिला. त्यांनी वायसरकडे पाहिलं. वायसरने ताटाकडे पाहिलं.

"वर्षभर सांगतेय यांना," वायसरची बायको म्हणाली. "गावाचे नळ दुरुस्त करतात."

मामा उठायच्या बेतात होते. गुडघा जमिनीवरून सुटलाही होता. वायसरने हळूच त्यांच्या मनगटावर हात ठेवला. "बसा मामा. आज तुम्ही पाहुणे आहात."

मामांनी मामीकडे पाहिलं. मामी मुलींशी बोलण्यात अगदी गढून गेली होती. मामा पुन्हा नीट मांडी घालून बसले. वायसरच्या बायकोने वाढलं, ते खाल्लं. तिने पुन्हा वाढलं, ते नको न म्हणता खाल्लं. धाकटी मुलगी पलंगावरून उतरून त्यांच्या मांडीला टेकून बसली आणि तिला ताटातलं हवं होतं, ते तिने विचारल्याशिवाय उचललं.

घरी परतताना मामी म्हणाली, "नळ गळत होता."

"गळत होता."

"मग?"

"मग काय," मामा म्हणाले. "जेवण फार चांगलं झालं होतं."